डॅशबोर्डखालचं सोळा पिनी सॉकेट: शोधायचं कसं, वाचायचं कसं

ड्रायव्हरच्या सीटवर बसा, दार उघडं ठेवा आणि उजव्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डच्या खालच्या कडेनं हात फिरवा. बॉनेट उघडायचा लिव्हर हाताला लागेल. बहुतेक गाड्यांत त्याच्या आसपासच, वीत-दीड वीत अंतरात, एक चपटं प्लास्टिकचं सॉकेट असतं. एक बाजू रुंद, समोरची थोडी अरुंद, आत दोन ओळींत आठ-आठ खाचा. हेच ओबीडी पोर्ट. ओबीडी म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष स्वतःच तपासून नोंदवायची यंत्रणा, आणि ती नोंद वाचायची जागा ही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये मिस्त्री ‘जरा स्कॅनर लावून बघू’ म्हणतात, तेव्हा त्यांची वायर इथंच जाते.

हाताला लागलं नाही तर पाय ठेवायच्या जागेत वाकून मोबाईलच्या टॉर्चनं वर बघा. काही गाड्यांत ते फ्यूजबॉक्सच्या झाकणामागं असतं, काहींत स्टिअरिंगच्या बरोबर खाली तोंड करून बसवलेलं, तर काहींत मधल्या कन्सोलमध्ये सुट्टे पैसे ठेवायच्या खणाजवळ. स्टिअरिंगपासून साधारण दोन फुटांच्या आत आणि हत्यार न वापरता हात पोचेल असं, हा त्याच्या जागेचा मूळ दंडक आहे. म्हणून डॅशबोर्डचे स्क्रू काढायची वेळ आली तर थांबा, जागा चुकलेली असते. बाहेरून स्टिरिओ, अलार्म किंवा सेंट्रल लॉक बसवलेल्या गाडीत एक वेगळाच प्रकार सापडतो. वायरिंग करताना सॉकेट क्लिपमधून काढलेलं असतं आणि परत न बसवता वायरींच्या जुडग्यात वरच सोडून दिलेलं असतं. ते शोधून क्लिपमध्ये बसवून घ्या. लोंबकळणाऱ्या सॉकेटमध्ये अडॅप्टर दाबला की ताण थेट मागच्या वायरींवर येतो.

आपल्या गाडीला हे आहे का, याचं उत्तर नुसत्या सालावरून देता येत नाही. भारतात बीएस-४ (बीएस म्हणजे ‘भारत स्टेज’, गाडीच्या धुरासाठीचा सरकारी दर्जा) गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. पण २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत आलं होतं. त्यात पुणे आणि सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. देशभर सक्ती झाली ती १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंगची २०१२ ची गाडी बीएस-३ असू शकते. अशा गाडीला सोळा पिनी सॉकेट बहुधा असतं, मात्र ते बऱ्याचदा कंपनीच्याच भाषेत बोलतं आणि मोबाईलच्या साध्या ॲपला दाद देत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ पेट्रोल-डिझेल गाडीत हा प्रश्नच येत नाही.

सोळा खाचांतल्या कामाच्या किती

सॉकेटची रुंद बाजू वर धरून समोरून बघा. वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८, खालच्या ओळीत डावीकडून ९ ते १६. सगळ्या खाचांत पिना नसतात, त्यामुळे रिकाम्या खाचा बघून घाबरू नका. १६ नंबरला बॅटरीचा प्लस, चावी बंद असतानाही. ४ आणि ५ अर्थिंग. ६ आणि १४ ही ‘कॅन’ची जोडी. गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी याच दोन वायरींवर बोलतात, नव्या गाडीत सगळा मजकूर इथूनच बाहेर येतो. ७ नंबर ही जुनी ‘के-लाइन’, जुन्या गाड्या स्कॅनरशी हिच्यावरून बोलतात.

अडॅप्टर लावला आणि त्याचा दिवाच लागला नाही, तर मल्टीमीटर १६ आणि ४ मध्ये लावा. बॅटरीएवढाच व्होल्टेज दिसायला हवा. शून्य आला तर आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत या पिनेचा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. लायटरच्या भोकात स्वस्त चार्जर खोचून फ्यूज उडालेला असतो आणि मालकाला वाटतं पोर्ट गेलं. मात्र मल्टीमीटरची जाड सुई पिनेच्या आत घुसवू नका. आतली पत्री फाकते आणि पुढं प्रत्येक वेळी अडॅप्टर लूज बसतो. पिनेच्या तोंडाला अलगद टेकवली तरी पुरते.

व्होल्टेज आहे पण गाडी ‘बोलत’ नाही, अशा वेळी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ६ आणि १४ मधला रेझिस्टन्स मोजता येतो. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास दिसतं. १२० दिसलं तर एक टोक तुटलंय. मध्ये गेटवे (पोर्ट आणि आतल्या लाइनी यांच्यामधला कंट्रोलर) असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा वेगळा येऊ शकतो. त्या गाडीचं सर्किट माहीत असल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

अडॅप्टर आणि मोबाईल

बाजारात मिळणारे छोटे ब्लूटूथ अडॅप्टर ‘ईएलएम ३२७’ या नावानं विकले जातात. ही मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण नकला त्याच्या कितीतरी आधीपासून जगभर विकल्या जातायत. लेबलवर १.५ छापलंय की २.१, यावरून काहीच खात्री देता येत नाही. काही नकला कॅनवर नीट चालतात आणि के-लाइनवर मुक्या होतात. गाडी जुनी असेल तर घेण्याआधी आपल्याच गाडीला लावून बघा, नाहीतर परत घेणाऱ्याकडून घ्या.

अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथ अडॅप्टर चालतो, जोडताना पिन १२३४ किंवा ०००० असते. आयफोनला साधा ब्लूटूथवाला दिसतच नाही. त्यासाठी वायफायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागतो. वायफायवाल्यात ॲपमध्ये पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० भरायचा असतो. टॉर्क, कार स्कॅनर, ओबीडी फ्यूजन ही नेहमीच्या वापरातली ॲप्स. सुरुवातीला फुकट आवृत्ती असलेलं एखादं घ्या, तिच्यात कोड, म्हणजे गाडीनं नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक, वाचता येतात.

जोडण्याचा क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी बंद. अडॅप्टर सरळ रेषेत दाबून बसवा, वाकडा करून नाही. मग चावी ऑनवर आणा, इंजिन चालू करू नका. बटण स्टार्टची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबा, बहुतेक गाड्यांत दुसऱ्यांदा दाबल्यावर मीटरवरचे सगळे दिवे लागतात. फोनच्या सेटिंगमध्ये अडॅप्टर जोडून घ्या, मग ॲप उघडून कनेक्ट करा. पहिल्यांदा अर्धा-एक मिनिट लागतो, कारण ॲप एकेक भाषा लावून बघतं. कोड वाचून झाले की इंजिन चालू करून लाइव्ह आकडे बघा. चालत्या गाडीत फोन शेजारच्याच्या हातात द्या.

सेकंडहँड ट्रक किंवा टेम्पोचं सॉकेट असंच दिसतं, पण गाडी २४ व्होल्टची असेल तर दोन ओळींच्या मधली खाच वेगळी असते, मुद्दाम तशी केलेली. ताकद लावून १२ व्होल्टचा अडॅप्टर त्यात घालू नका. दुचाकीचं सॉकेट पूर्ण वेगळं, ते इथं नको.

कोड आला, पुढं काय

समजा पी०३०१ आला. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा. ‘बी’ असता तर बॉडीचा, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचा, ‘यू’ म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलत नाहीत. पुढचं शून्य सांगतं की हा सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड आहे. तिथं १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, म्हणून पी१ नं सुरू होणारा कोड शोधताना गाडीची कंपनी आणि मॉडेल सोबत टाकल्याशिवाय मिळणारं उत्तर बिनकामाचं असतं. तिसऱ्या जागेवरचा ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर (सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं). शेवटचे दोन अंक: पहिला सिलिंडर. गाडी मिसिंग मारतेय आणि ईसीयूला (इंजिनच्या कंट्रोलरला) ते पहिल्या सिलिंडरवर दिसतंय, एवढाच याचा अर्थ.

हे ‘एवढाच’ नीट लक्षात घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. कोडमध्ये कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) खराब आहे असं कुठंही लिहिलेलं नाही. प्लग असू शकतो, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, किंवा सर्व्हिसिंगला इंजिनवर पाणी मारल्यामुळे प्लगच्या विहिरीत साचलेलं पाणी. मारुतीपासून ह्युंदाईपर्यंत बहुतेक पेट्रोल गाड्यांत आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, आणि त्यामुळे फुकटातली एक चाचणी करता येते.

इंजिन गार होऊ द्या, चावी बंद. आडव्या बसवलेल्या इंजिनात पहिला सिलिंडर बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या उलट्या बाजूला, टायमिंग चेनकडं असतो. पहिल्या आणि दुसऱ्या कॉइलवर खडूनं १ आणि २ लिहा. कनेक्टरचं लॉक दाबून तो काढा, वायरीला धरून ओढू नका. जुन्या गाडीत उष्णतेनं हे लॉक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून अंगठ्यानं सावकाश दाबायचं. दहाच्या पान्यानं बोल्ट काढा, कॉइल थोडी फिरवून वर घ्या. विहिरीत पाणी किंवा तेल दिसलं तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं. दोन्ही कॉइलची अदलाबदल करून बसवा, कोड पुसा आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलसोबत गेला, कॉइल बदला. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट हलवा. दोन एकदम हलवल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

कोड पुसण्याआधी मात्र ‘फ्रीझ फ्रेम’च्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. दोष पकडला त्या क्षणाची नोंद ईसीयू जपून ठेवतो: आरपीएम, वेग, पाण्याचं तापमान, लोड. कोड पुसला की हीसुद्धा पुसली जाते. बॅटरीचा टर्मिनल काढून ‘रीसेट’ मारण्याची सवय याच कारणासाठी वाईट. दिवा जातो, पुरावाही जातो.

मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो उघडझाप करत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मिसफायर इतका जोराचा असतो की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. कॉइलच्या किमतीत मिटणारं काम कन्व्हर्टरच्या किमतीवर जातं ते इथंच.

लाइव्ह आकडे

कोडपेक्षा जास्त उपयोग लाइव्ह आकड्यांचा होतो. कुठला आकडा कुठं असावा हे मात्र माहीत हवं.

एअर इनटेकचं तापमान किंवा कूलंटचं तापमान −४० अंश दिसलं तर ते तापमान नाही. कोल्हापुरात थंडी कितीही पडो, −४० चा अर्थ सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर निघालेला आहे. एअर फिल्टर बदलताना त्या डब्यावरचा दोन वायरींचा प्लग परत लावायचा राहतो, आणि पी०११३ येतो. शेतावर किंवा गोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघा. सेन्सर विकत आणण्याआधी ही दोन मिनिटं द्याच.

एमएपी म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबाचा सेन्सर. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, म्हणून इथं हा आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास असायला हवा. तीच गाडी आंबा घाट उतरून रत्नागिरीला नेली की १०१ च्या आसपास. शहरात उभ्या गाडीला १०१ किंवा ८८ दिसत असेल तर सेन्सरवर संशय घ्या. गाडी तापलेली, एसी बंद, आयडलला (इंजिन चालू, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला) असताना हा आकडा साधारण २५ ते ४० मध्ये खाली येतो.

फ्युएल ट्रिम हा सगळ्यात बोलका आकडा. ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते तो सांगतो. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म म्हणजे लागलेली सवय. दोन्हींची बेरीज १० टक्क्यांच्या आत, प्लस किंवा मायनस, असेल तर ठीक. समजा पी०१७१ आलाय, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या गाडीत आयडलला बेरीज +२२ आणि २५०० आरपीएमला +५ दिसली, तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात ही चोरटी हवा मोठा वाटा होते, वेग वाढला की तिचं प्रमाण घटतं. उलट आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम वाढत गेला तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर पेट्रोल पुरवू शकत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत एअरफ्लो मीटर नसतोच, एमएपी असतो. तिथं चोरटी हवाही सेन्सरला दिसते, म्हणून ट्रिम फारसा न चढता आयडलचे आरपीएम चढतात. दोन्ही प्रकारांना एकच नियम लावल्यामुळे चांगले इंजेक्टर बदलले जातात.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आकडे आधी पेट्रोलवर बघा, मग सीएनजीवर. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि सीएनजीवर +२० असेल तर गाडीचा सेन्सर बदलून काही होणार नाही. किटचं ट्युनिंग, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा गॅसचा फिल्टर बघायचा.

व्होल्टेज: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर बॅटरी भरल्यावर मुद्दाम खाली येतो, तिथं १३ च्या खालचा आकडा क्षणभर दिसला म्हणून अल्टरनेटर काढू नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. रंकाळा ते राजारामपुरी, राजारामपुरी ते मार्केट यार्ड अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि पी२४६३ येतो. सुरुवातीचा डीपीएफचा दिवा स्थिर असताना कागल-निपाणीच्या बाजूला हायवेवर सलग २० ते ३० मिनिटं, ६० च्या वर एकसारख्या वेगानं, आरपीएम २००० च्या आसपास ठेवून गाडी चालवली की काम बहुतेक वेळा होतं. अचूक कृती गाडीच्या पुस्तिकेत असते. दिवा लुकलुकतोय आणि गाडीची ताकद कमी झालीय, तर वर्कशॉपमध्येच जा. कोड पुसून काजळी जात नाही.

जुनी गाडी घेताना

सौदा ठरण्याआधी अडॅप्टर खिशात घेऊन जा. कोड नाहीत एवढं बघून समाधान मानू नका, ते सकाळीच पुसलेले असू शकतात. ॲपमध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि ‘पुसल्यापासूनचे वॉर्म-अप’ (इंजिन गार असताना चालू होऊन किती वेळा तापलं) हे दोन आकडे शोधा, अनेक गाड्या ते देतात. मीटरवर ६८,००० किलोमीटर आणि पुसल्यापासून ६ किलोमीटर, तर सरळ विचारा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर तेही खरं कारण असू शकतं, पावती बघायला मागा. शेजारीच ‘रेडिनेस मॉनिटर’ची यादी असते. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर अपूर्ण दिसत असतील तर ईसीयूनं अजून तपासणीच पूर्ण केलेली नाही. कागलपर्यंत जाऊन परत या, साधारण ४० किलोमीटरची फेरी, आणि ‘पेंडिंग’ कोड बघा. कितीतरी दोषांना दिवा लावायला दोन फेऱ्या लागतात, पेंडिंगमध्ये ते पहिल्याच फेरीत दिसतात.

आणि सॉकेटच्या आत टॉर्च मारा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. हे सॉकेट गुडघ्याच्या उंचीवर असल्यामुळे पाणी सीटच्या वर गेलं की ते बुडतंच. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी, खाचांत वाळलेला बारीक गाळ दिसला तर फ्यूजबॉक्स आणि सीटच्या रुळांचे बोल्टही बघा. एकटं सॉकेट स्वच्छ करून ठेवता येतं, सगळ्या जागा एकदम कुणी स्वच्छ करत नाही.

एअरबॅग आणि एबीएसचे कोड साध्या ॲपला बहुधा दिसत नाहीत. तिथं ‘कोड नाहीत’ याचा अर्थ ‘विचारलंच नाही’ असा असतो. चावी ऑन केल्यावर हे दोन दिवे लागून काही सेकंदांनी विझतात ना, ते डोळ्यांनी बघा. लागलेच नाहीत तर बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असू शकते.

काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनेत कायम वीज असते. ४० मिलीअँपिअर खाणारा अडॅप्टर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास पितो. ३५ अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीतून दहा दिवसांत पाव भागाहून जास्त गेला, शिवाय घड्याळ आणि लॉकचा खर्च वेगळा. शिवाय १२३४ पिनचा ब्लूटूथ शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही जोडता येतो. गॅरेजला जाताना कोड, फ्रीझ फ्रेमचा फोटो आणि त्या वेळचं किलोमीटर मिस्त्रींना दाखवा आणि बिलावर बदललेल्या पार्टसमोर तो कोड लिहून मागा. तोच कोड महिन्याभरात परत आला, तर बोलणं त्या कागदावरून सुरू करता येतं.